घरात वाढलेले नाक

मी एक जुनी शिकारी कुत्री आहे, मित्रांनो. जुनी म्हणते, म्हातारी म्हणत नाही. म्हातारपण माझ्या गुडघ्यांत आले आहे, नाकात अजून आलेले नाही. माझे नाव हेल्मी. आमच्या गावातल्या फिन लोकांच्या भाषेत हेल्मी म्हणजे मोती. अंगाने पांढरी, त्यावर नारिंगी डाग, आणि शेपूट म्हणाल तर बोटभर. पण या बोटभर शेपटीने मिशिगनच्या उत्तर टोकावरच्या भल्याभल्या शिकाऱ्यांची तोंडे बंद केली आहेत. ती कशी, तेच आज सांगणार आहे. सांगताना थोडी बढाई होईल, ती गोड मानून घ्या.

शिकारी कुत्री म्हटले की तुम्हाला दात आठवतील. आमचे काम दातांचे नाहीच. आमच्या जंगलात तित्तिर असतात, रंगाने हुबेहूब पाचोळ्यासारखे. माणसाच्या पायाखाली आले तरी ते दिसत नाहीत. मी वास घेत पुढे जायचे आणि वास नाकात भरला की आहे तिथे दगड होऊन उभे राहायचे. झाडीत मी दिसत नाही, म्हणून गळ्यात पितळी घंटी असते. घंटी वाजते आहे तोवर शोध चालू आहे, आणि घंटी थांबली की तित्तिर सापडला. मग बंदूकवाल्याने चालत यायचे. तो येईपर्यंत मी कानही हलवायचा नाही, कारण मी हलले की पाखरू उडाले आणि सगळे मुसळ केरात.

माझ्या जन्माआधीच माझ्यावरून घरात भांडण झाले होते. ते पुढे इतक्यांदा सांगितले गेले की मला तोंडपाठ आहे. घरधनी रेइनो लाकडाच्या गिरणीत कामाला. त्याची बायको ताइमी शाळेच्या स्वयंपाकघरात. मुलगी मार्या नऊ वर्षांची, मुलगा ईतू दोन वर्षांचा आणि रेइनोचे वडील ओन्नी आजोबा चौऱ्याऐंशीचे. आजोबांचे दोन्ही गुडघे गेले होते. या घराला एक शिकारी कुत्रा हवा होता. रेइनोला हवा होता लांब पल्ल्याने धावणारा पॉइंटर, म्हणजे त्याच्या मेहुण्याच्या ड्यूकसारखा. मेहुणा आर्वो हा ताइमीचा भाऊ. त्याच्या ड्यूकने शिकारी कुत्र्यांच्या स्पर्धांत तीन चषक जिंकले होते, आणि ही गोष्ट आर्वो दर शनिवारी सगळ्यांना नव्याने सांगत असे.

"ड्यूकसारखा आणलास तर त्याच्यामागे पळणार कोण?" ताइमीने विचारले. "तू सहा दिवस गिरणीत. बाबांना दारातून अंगणातल्या सौनापर्यंत जायला दोन थांबे लागतात."

"कुत्रा शिकारीसाठी घेतात, ताइमी."

"शिकार दोन महिने. उरलेले दहा महिने तो काय करणार? माझ्या सोफ्याचा भुगा?"

मग एकेका जातीची पंचाईत सुरू झाली. सेटर देखणा, पण त्याचे लांब केस रोज विंचरणार कोण? लॅब्राडोर मायाळू, पण तो वासावर थांबत नाही, थेट पाखरू उडवतो. पळता न येणाऱ्या म्हाताऱ्याला त्याचा काय उपयोग! जर्मन जातीचा एक दणकट कुत्रा शेजारी पाहिला होता. त्याच्याविषयी ताइमी म्हणाली, "छान आहे. शेपटीच्या एका फटक्यात ईतूला इथून चुलीपर्यंत पोचवेल."

ओन्नी आजोबा कडक टोस्ट कॉफीत बुडवत सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "मला पळणारा नको. माझ्याबरोबर चालणारा असेल, तर मी अजून एक तित्तिर पाडीन. एकच. मग बंदूक भिंतीवर."

तीन वर्षांत आजोबा जंगलात गेले नव्हते. दुसऱ्या दिवशी ताइमीने वर्तमानपत्रातली एक जाहिरात कापून फ्रीजवर चिकटवली. ब्रिटनी जातीची पिल्ले. लहान अंगाची, माणसाजवळ राहून काम करणारी, पोरांत रमणारी.

त्या पिल्लांत मी होते.

आम्ही जन्मलो त्या शेतावर सगळे घर आले. रेइनोने मासे पकडायच्या काठीला तित्तिराचे पंख बांधले आणि ते आमच्यासमोर नाचवले. पिल्लांची परीक्षा इकडे अशीच घेतात. माझे दोन भाऊ पंखासमोर पाय उचलून असे ऐटीत उभे राहिले की रेइनोचे डोळे चमकले. मी एकदा वास घेतला. पंख शिळा होता. शिळ्या पंखासमोर काय उभे राहायचे! मी वळले आणि मार्याच्या बुटावर जाऊन झोपले.

"हीच," मार्या म्हणाली.

"अगं, हिला पंख कळला नाही."

"कळला. आवडला नाही."

नऊ वर्षांच्या त्या मुलीला माझे मन बापापेक्षा लवकर वाचता आले. ताइमीनेही मान डोलावली आणि मी गाडीत बसले. पहिल्याच दिवशी आर्वो बघायला आला. म्हणाला, "काय दाजी, कुत्री आणलीत की उशी? आणि शेपूट काय, हप्त्याहप्त्याने येणार आहे?"

इथे माझ्या सुखाचे दिवस सुरू व्हायला हवे होते. पण इकडच्या जुन्या शिकाऱ्यांची एक समजूत आहे. ते म्हणतात, कुत्रा घरात ठेवला की त्याचे नाक मरते. स्वयंपाकाच्या वासांनी ते बोथट होते, पोरांच्या लाडांनी कुत्रा बावळट होतो. रेइनोला हे त्याच्या काकाने सांगितले होते, काकाला आणखी कोणी. कोणीही कधी ते पडताळून पाहिले नव्हते. घराला शोभेल अशी जात निवडली आणि तिला घराबाहेर ठेवले, असा हा कारभार.

सौनामागे, म्हणजे अंगणातल्या वाफेच्या न्हाणीघरामागे, रेइनोने फळ्यांचे खुराडे बांधले, वर तारेची जाळी. खुराडे मजबूत होते, त्याचा हात सुतारकामात चांगला. मुलांना सक्त ताकीद होती, हेल्मीशी खेळायचे नाही. सकाळी खाणे, संध्याकाळी अर्धा तास सराव, बाकी वेळ मी आणि जाळी. समोर स्वयंपाकघराची खिडकी दिसायची. आत माणसे बसलेली, ईतू चमचा आपटतो आहे, आजोबा हसत आहेत. आणि मी बाहेर. मित्रांनो, काही जाती एकट्या राहू शकतात. आमची जात माणसाच्या आवाजावर जगते. मी त्या उन्हाळ्यात पोटभर जेवले आणि आतून वाळत गेले. त्या दिवसांचे मला अजून वाईट वाटते.

सरावात रेइनो हाक मारी, ती मला ओरडण्यासारखी वाटे. त्याने हात उचलला की मी पोट जमिनीला टेकवून सरपटत येई. त्याने मला कधी मारले नाही. पण ज्याचे प्रेम ठाऊक नाही, त्याच्या हाताचा भरवसा कसा धरायचा? सप्टेंबरच्या मध्यावर तित्तिरांचा मोसम उघडला. पहिल्या दिवशी मी जंगलात रेइनोच्या टाचेला चिकटून चालले. घंटी वाजत होती ती फक्त माझ्या थरथरीने. ड्यूक मात्र वाऱ्यासारखा गेला आणि दोन तित्तिरांवर उभा राहिला. संध्याकाळी आर्वो म्हणाला, "दाजी, उशी परत करा. दुकानात बदलून मिळेल."

दोन आठवडे हेच चालले. मग एका सकाळी रेइनोने कॉफीचा कप खाली ठेवला आणि निकाल सांगितला. "पंधरा नोव्हेंबरला हरणांचा मोसम. तोवर ही उभी राहिली नाही तर शेतावर परत."

आमच्या गावात पंधरा नोव्हेंबर म्हणजे सणच. शाळासुद्धा बंद असते. त्या दिवसापासून जंगल हरणवाल्यांचे, तित्तिरवाल्यांनी घरी बसायचे. म्हणजे मला सहा आठवडे उरले होते.

ताइमीने हात पुसले. "ठीक. मग हे सहा आठवडे कुत्री माझी."

"म्हणजे?"

"म्हणजे घरात."

"नाक मेलं म्हणून समज!"

"तुझ्या मते ते मेलंच आहे ना? मग आता काय बिघडायचंय?"

त्या दुपारी मी प्रथमच उंबरा ओलांडला.

काय सांगू! वेलदोड्याच्या पावाचा वास, ओल्या मोज्यांचा वास, ईतूच्या गालांवरच्या जॅमचा वास. माझे नाक मेले नाही, ते जागे झाले. ईतूने माझे कान ओढले, माझ्या ताटलीत बोटे घातली, माझ्या पाठीवर डोके ठेवून झोपला. मी हूं की चूं केले नाही. शनिवारी सगळे सौनात वाफ घ्यायला गेले की मी बाहेरच्या खोलीत कपड्यांच्या ढिगावर पडून पहारा द्यायची. आठवड्याभरात माझी बोटभर शेपूट दिवसरात्र हलू लागली.

या घराची एक रीत होती. सकाळी आजोबा येऊन बसल्याखेरीज पावाला कोणी हात लावायचा नाही. खोलीपासून टेबलापर्यंत त्यांना बराच वेळ लागे. एक पाऊल, काठी, दुसरे पाऊल, मग उसासा. ईतूसुद्धा पावाकडे बघत बसून राही. मार्या माझ्यासमोर जमिनीवर एक तुकडा ठेवी आणि म्हणे, "आजोबा येईपर्यंत." मी उभी राही. लाळ गळत असे, पाय थरथरत, पण मी तुकड्याला तोंड लावत नसे. हा रेइनोचा सराव नव्हता. तो रोजचा नाश्ता होता. त्यात कोणी ओरडत नव्हते आणि शेवटी आजोबा हमखास येत.

दुपारी मार्या शाळेतून आली की आजोबा, ती आणि मी असे तिघे लाकडाच्या गाड्यांच्या जुन्या वाटेने फिरायला जाऊ. आधी विजेच्या खांबापर्यंत, मग ओढ्यापर्यंत, मग त्याच्याही पुढे. मी गोल फिरून दर दोन मिनिटांनी आजोबांच्या काठीला नाक लावून परत जायची. मला दूर जायची भीती राहिली नव्हती, कारण मागे माझी माणसे होती. एके दिवशी एका झुडपाखालून असा काही वास आला की माझे पायच जमिनीत रुतले. कोमट, ताजा, बोरांचा आणि पिसांचा वास. कोणी शिकवले नव्हते, तरी माझा उजवा पाय आपोआप उचलला गेला. घंटी थांबली. तित्तिर भुर्रकन उडाला आणि आजोबा आनंदाने काठी आपटत म्हणाले, "उभी राहिली! पोरी, उभी राहिली!"

त्यांनी घरी काही सांगितले नाही. मार्यालाही तोंडावर बोट ठेवायला लावले. म्हणाले, "रेइनो कानांनी ऐकत नाही. त्याला डोळ्यांनी दाखवू."

हरणांच्या मोसमाआधीचा शेवटचा शनिवार उजाडला. सरोवराकडून वारा येत होता, पाचोळ्यावर भुरभुर बर्फ पडले होते. रेइनो आणि आर्वो ड्यूकला घेऊन निघाले. आजोबा बूट घालून दारात उभे.

"बाबा, तुम्ही कुठे?"

"माझ्या कुत्रीबरोबर. मार्या येतेय. माझी बंदूक तू घे आणि गाडीत ठेव."

आर्वो हसून म्हणाला, "आजोबा, उशी तित्तिरावर उभी राहिली, तर हिवाळाभर तुमच्या सौनाची लाकडं मी वाहीन."

"वाहशील," आजोबा म्हणाले.

जंगलाच्या तोंडाशी रेइनोने त्यांची बंदूक भरून त्यांच्या खांद्याला अडकवून दिली, आणि मला बघून मान फिरवली. सोमवारी मला परत न्यायचे म्हणून त्याने शेतावर फोनही केला होता. ड्यूक सुटला. पाच मिनिटांत त्याची घंटी टेकडीपलीकडे गेली आणि दोघे धापा टाकत त्याच्यामागे.

आम्ही आमच्या चालीने निघालो. पडक्या शेतघरामागे एक जुने सफरचंदाचे झाड आहे, त्याखाली फळे कुजत पडलेली असतात. वाऱ्याने तिकडचा वास माझ्याकडे आणला. मी हळू झाले. आणखी हळू. मग दगड झाले.

घंटी थांबली.

मार्या धावत आली आणि दहा पावलांवर थबकली. आजोबा मागे वळणावर होते. तेवढ्यात डाव्या झाडीतून रेइनो बाहेर आला, एकटाच, घामाघूम. ड्यूकची घंटी हरवल्यावर त्याने माझी थांबलेली ऐकली होती. त्याने मला पाहिले. माझा उचललेला पाय पाहिला. त्याची बंदूक आपोआप वर आली.

"आजोबा कुठेत?" तो कुजबुजला.

"वळणावर. येताहेत."

"दहा मिनिटं लागतील. कुत्री एवढं थांबणार नाही, मार्या. ती हलली की पाखरू गेलं."

"हेल्मी थांबेल."

मित्रांनो, रेइनो तेव्हा दोन पावले पुढे आला असता तर तित्तिर उडाला असता आणि त्याने तो सहज पाडला असता. नेमबाज तो चांगला होता. पण त्याने बंदूक खाली केली. त्याने माझ्यावर भरवसा टाकला तो त्या क्षणी, आयुष्यात पहिल्यांदा, आणि मला तो पाठीवर ऊन पडावे तसा जाणवला.

मी थांबले. बर्फ माझ्या पापण्यांवर पडले. उचललेला पाय बधिर झाला. तित्तिर माझ्यापासून सात हातांवर होता, त्याचे काळीज धडधडताना मला ऐकू येत होते, आणि मागून येत होता एक पाऊल, काठी, दुसरे पाऊल, उसासा. हा आवाज मला पाठ होता. घाई करायचे मला कारणच नव्हते. हा माणूस पोचतो, हे मला रोज सकाळी दिसत होते.

आजोबा आले. काठी मार्याच्या हातात दिली. बंदूक खांद्याला लावली. "चल, पोरी," ते हळूच म्हणाले आणि मी एक पाऊल टाकले.

पंखांचा गडगडाट झाला. एकच बार. तित्तिर ओढ्यापलीकडे पडला. मी थंडगार पाण्यातून गेले, त्याला अलगद उचलले आणि परत आले. वाटेत रेइनोने सवयीने हात पुढे केला होता. मी त्याच्याजवळून निघून गेले. आजोबांना वाकता येत नव्हते, म्हणून मी पुढचे पाय त्यांच्या मांडीवर ठेवले आणि पाखरू त्यांच्या हातात दिले. त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले असते, पण कुत्र्यांना ते जमत नाही. आम्ही शेपूट हलवतो. मी होती तेवढी सगळी हलवली.

ड्यूक संध्याकाळी सापडला. दोन गावे ओलांडून तो एका म्हातारीच्या ओसरीवर मांसबटाट्याची पास्टी खात बसला होता.

रेइनो घरी आला तो थेट पहार घेऊन सौनामागे गेला. थोड्याच वेळात फळ्या उपटल्याचे आवाज येऊ लागले. ताइमी खिडकीतून ओरडली, "काय चाललंय?"

"सौनाला लाकूड कमी पडतंय," रेइनो म्हणाला.

तीन हिवाळे पुरेल इतके लाकूड भिंतीलगत रचलेले होते. ताइमीने ते पाहिले, त्याच्याकडे पाहिले, आणि आमच्याकडच्या पुरुषांकडून यापेक्षा मोठी माफी मिळत नाही हे जाणून खिडकी लावून घेतली. फोडलेल्या फळ्या वाहायला अर्थात आर्वो होता. "दाजी, खिळे तरी काढा," तो कुरकुरत होता, आणि आजोबा बाकावर बसून आज्ञा सोडत होते, "अजून दोन घे. लहान लहान काय उचलतोस?" त्या संध्याकाळी माझे खुराडे सौनाच्या भट्टीत धडाडून जळले आणि सगळे घर त्या वाफेत न्हाऊन निघाले. मी बाहेरच्या खोलीत कपड्यांवर पडले होते. इतकी ऊबदार संध्याकाळ मी पुन्हा पाहिली नाही.

त्यानंतर अकरा मोसम मी या जंगलात काढले. माझ्या घंटीची चाल गावातली पोरे ओळखू लागली. ड्यूक आर्वोने पश्चिमेच्या मोकळ्या माळावर राहणाऱ्या आपल्या भावाकडे दिला, तिथे तो क्षितिजापर्यंत पळे आणि सगळे त्याची वाहवा करत. तो वाईट नव्हता हो, फक्त त्याला मैदान हवे होते आणि आर्वोकडे होते दाट जंगल. आणि आर्वोने पुढे काय घेतले? माझे पिल्लू. मागायला आला तेव्हा टोपी हातात होती.

आता कोणी कुत्रा घ्यायचा म्हटले की रेइनोचा सल्ला घ्यायला येतो. रेइनो चषकांचे नावही काढत नाही. तो विचारतो, "घरात कोण कोण आहे? सगळ्यात लहान कोण, सगळ्यात हळू चालणारं कोण? रोज फिरवायला वेळ कोणाला? कुत्रा झोपणार कुठे?" शेवटच्या प्रश्नाला समोरचा "बाहेर" म्हणाला, की रेइनो त्याला कॉफी पाजतो आणि पिल्लांच्या शेताचा पत्ता न देताच वाटेला लावतो.

म्हणून मित्रांनो, एवढी विनंती ऐका. कुत्रा निवडताना आधी आपले घर नीट बघा, मग कुत्र्याची जात बघा. दुसऱ्याच्या अंगणातली ऐट बघून आपल्या घरात जीव आणू नका. आणि एकदा आणलात की त्याला आपल्या माणसांत घ्या. घरात वाढून नाक मेलेला कुत्रा मी तेरा वर्षांत पाहिलेला नाही. जाळीआड एकटे राहून मरायला टेकलेले एक नाक मात्र मला चांगले ठाऊक आहे. ते आता माझ्या तोंडावर आहे, ओले आणि थंड, आणि बाहेर तित्तिर आहे की नाही ते बंद खिडकीतूनसुद्धा सांगते.